सूर कळला, पण केव्हा?

मंडळी, मी बीए झालेला, इतिहासाचा मास्तर. गणिताशी जुने वैर. तरी हे वाचून थबकलो.

फूरिए यांनी १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथात गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत सोडवली. सूर कोणते ते कळे. केव्हा लागले ते दडून राही. १९४६ साली डेनिस गाबोर यांनी दोन्ही एकत्र मांडले आणि दाखवले, की वेळ जितकी नेमकी धरावी तितका सूर धूसर होतो. पुढे १९८० च्या दशकात मोर्ले यांनी तेलशोधातील भूगर्भाच्या प्रतिध्वनींसाठी मोजपट्टीच लवचिक केली: उंच सुराला आखूड, खालच्याला लांब.

सनावळी चुकली म्हणून मी किती मुलांचे गुण कापले! त्यांना घटनेचा सूर कळला होता का, हे विचारलेच नाही. माझी मोजपट्टी एकच होती.

असो.