महिन्याला किती बांधलं?

साखर कारखान्याचं महिन्याचं उत्पादन पोती मोजून सांगता येतं. बांधकामाचं तसं नाही. सात मजली इमारतीचा चौथा स्लॅब पडलाय, पाचव्याचं सेंट्रिंग लागतंय, पहिल्या मजल्यावर गिलावा चालू आहे आणि ताबा देण्याजोगा एकही फ्लॅट तयार नाही. मग या महिन्याचं उत्पादन किती धरायचं? आज सांख्यिकी खाती या प्रश्नाशी झगडतात. पण तो आधी पडला कंत्राटदाराला. इमारत पुरी होईपर्यंत पैशासाठी थांबणं त्याला परवडणारं नव्हतं.

डलहौसीच्या कारकिर्दीत, 1854 साली, हिंदुस्थानात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. या खात्याच्या कारभारात सगळं बिल ज्या वहीवरून निघतं ती म्हणजे मोजमाप पुस्तक, साइटवरच्या भाषेत ‘एमबी’. लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण असे तिचे रकाने. काँक्रीट घनमीटरात, गिलावा चौरस मीटरात, सळई वजनावर. पानांना छापील क्रमांक; खाडाखोड चालत नाही, आकडा चुकला तर रेघ मारून शेजारी सही. पायातलं काम माती भरण्याआधी आणि सळई काँक्रीट ओतण्याआधी मोजायची, कारण एकदा झाकलं की वाद घालायला पुरावा उरत नाही. कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेल्या नोंदींपैकी काही वरिष्ठ स्वतः टेप लावून तपासतो.

या वहीवरून आरए बिल, म्हणजे चालू देयक निघतं. त्याचं गणित सरळ आहे: आजवर झालेल्या एकूण कामाची किंमत काढायची आणि त्यातून मागच्या बिलापर्यंतची रक्कम वजा करायची. उरतं ते या खेपेचं काम. म्हणजे अर्धवट इमारतीचं ‘उत्पादन’ कसं काढायचं हे बिल लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेचं जनगणना ब्युरो दर महिन्याला देशभरच्या कामाचा आकडा देतं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. निवडक प्रकल्पांच्या मालकांना विचारलं जातं, की या महिन्यात जागेवर किती मोलाचं काम झालं? त्यात बसवलेलं साहित्य, मजुरी, कंत्राटदाराचा नफा, वास्तुविशारदाची फी येते; जमिनीची किंमत येत नाही. सुट्या घरांच्या बाबतीत मात्र प्रत्येक मालकाला गाठणं अशक्य. तिथे किती घरांचं काम सुरू झालं ते मोजतात आणि घराची किंमत ठरावीक प्रमाणात पुढच्या महिन्यांवर वाटून टाकतात. जर्मनीने निराळी वाट धरली. मुख्य बांधकामात कामगारांनी किती तास काम केलं यावरून तिथे उत्पादनाचा अंदाज बांधतात; युरोपीय संघाच्या नियमांनाही ही पद्धत चालते.

आपल्याकडे औद्योगिक उत्पादनाचा सरकारी निर्देशांक पहिल्यांदा 1937 हे पायाभूत वर्ष धरून निघाला, त्यात 15 उद्योग होते. पुढे उद्योग वाढले, पायाभूत वर्षं बदलली. 2011-12च्या मालिकेत खाणकाम, कारखानदारी आणि वीज ही तीन खाती होती. बांधकाम तिथेही नव्हतं. कारण उघड आहे. गावाकडचं घर मालक आणि मिस्त्री मिळून बांधतात. सिमेंट उधारीवर, वीट ट्रॉलीने, मजुरी शनिवारी हातावर. ना एमबी, ना बिल. विचारायचं कुणाला?

मग मोजदाद उलट्या टोकाकडून झाली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात पक्क्या बांधकामाची किंमत सिमेंट, पोलाद, विटा-कौलं, लाकूड आणि फिटिंग्ज यांच्या पुरवठ्यावरून काढतात. महिन्याचा अंदाज हवा असेल तर सिमेंट आणि पोलादाचे आकडे पाहायचे. आठ गाभा उद्योगांच्या निर्देशांकात हे दोन्ही आहेत. शिवाय 2011-12च्या मालिकेत ‘पायाभूत सुविधा आणि बांधकामाच्या वस्तू’ असा स्वतंत्र गटही आला.

या पद्धतीची खोट तिच्या जन्मातच आहे. कारखान्यातून निघालेली गोणी विक्रेत्याच्या गोदामात पडून असली, तरी आकड्यात ती आलेली असते. उलट, घेतलेल्या मालावर सुतार, रंगारी, फरशीवाले महिनोन्महिने राबतात, तेव्हा सिमेंटचा आकडा हलत नाही. पावसाळ्यात कामं मंदावतात म्हणून जुलैची तुलना जूनशी न करता मागल्या जुलैशी करायची, आणि गेल्या वर्षी पाऊस लवकर आला होता का, तेही आठवायचं.

कामाचा हिशोब ठेवला जातो तो पैसे द्यायचे असतात म्हणून, आणि देशाच्या आकड्याला नेमका तेवढाच आधार मिळतो. जिथे बिल फाटतं तिथलं बांधकाम मोजता येतं, बाकीचं सिमेंटवरून ताडावं लागतं. ‘बांधकाम क्षेत्राला वेग’ अशी बातमी वाचली, की वेग कामाचा मोजलाय की गोण्यांचा, एवढं विचारून घ्यावं.