फलकावरचं नाव आणि यादीतलं नाव

मराठीत म्हण आहे, 'नाव मोठं लक्षण खोटं'. उर्दूत जवळपास तीच म्हण 'नाम बड़े और दर्शन छोटे' अशी आहे. दोन्ही भाषा शिकवताना एक गोष्ट लक्षात येते. या म्हणींनी मनाशी एक धरून ठेवलं आहे की नाव झालं म्हणजे त्यामागे काहीतरी असणारच, ते खरं की खोटं एवढाच प्रश्न. पण मागे काहीच नसेल, न खरं न खोटं, आणि तरीही नाव गावभर झालं असेल तर? हा प्रश्न 1954 सालच्या एका अमेरिकी चित्रपटानं हसत-खेळत विचारला होता. 'इट शुड हॅपन टू यू' हे त्याचं नाव. चित्रपट विनोदी आहे, प्रेमकथा आहे, दीड तासात संपतो. पण तो ज्या काळात आणि ज्या अभिनेत्रीला घेऊन बनला, तो इतिहास कळला की त्यातला विनोद वेगळाच वाटू लागतो.

गोष्ट थोडक्यात अशी. ग्लॅडिस ग्लोव्हर नावाची मुलगी बिंगहॅम्टन या छोट्या शहरातून नाव कमवायला न्यूयॉर्कला आलेली आहे. कपड्यांची मॉडेल म्हणून काम करते, पण कंबरेखालचा घेर पाऊण इंचानं वाढला म्हणून नोकरी जाते. साठवलेले हजार डॉलर तेवढे हातात आहेत. सेंट्रल पार्कात तिला पीट शेपर्ड नावाचा माहितीपट बनवणारा तरुण भेटतो. त्याच दिवशी कोलंबस सर्कल या गजबजलेल्या चौकात तिला जाहिरातीचा एक भलामोठा रिकामा फलक दिसतो. ती चौकशी करते. भाडं महिना 210 डॉलर, किमान तीन महिने. ग्लॅडिस पैसे भरते आणि फलकावर फक्त दोन शब्द रंगवून घेते: ग्लॅडिस ग्लोव्हर. ना धंदा, ना पत्ता, ना कसली जाहिरात.

पुढचं सगळं या दोन शब्दांतून घडतं. तो फलक दर हंगामात ॲडम्स नावाची साबण कंपनी घेत असते. तिला तो परत हवा असतो. घासाघीस होते आणि एका फलकाच्या बदल्यात ग्लॅडिसला शहरभर सहा फलक मिळतात. लोक विचारू लागतात, ही कोण? दुकानात सह्या मागू लागतात. टीव्हीवर बोलावणं येतं. मग तीच साबण कंपनी तिला 'सर्वसामान्य अमेरिकी मुलगी' म्हणून जाहिरातीत उभी करते. कंपनीचा तरुण मालक तिच्या मागे लागतो. पीट मात्र तिला एकच विचारत राहतो, की नाव झालं, पण कशासाठी? गर्दीपेक्षा वेगळं दिसण्याची एवढी घाई का? गर्दीतलं एक असण्यात वाईट काय आहे? तो शेवटी घर सोडून जातो. एका लष्करी विमानाला ग्लॅडिसचं नाव देण्याचा समारंभ होतो आणि तिथे बोलायला उभी राहिल्यावर तिला उमगतं की आपल्या नावावर सांगण्यासारखं काहीच नाही.

चित्रपटाची पटकथा गार्सन कॅनिन यांची, दिग्दर्शन जॉर्ज क्यूकर यांचं, निर्मिती कोलंबिया पिक्चर्सची. चित्रपटाचं सुरुवातीचं नाव होतं 'अ नेम फॉर हरसेल्फ', म्हणजे 'तिचं स्वतःचं नाव'. मला हे नाव जास्त नेमकं वाटतं, कारण पडद्यावर आणि पडद्यामागे, दोन्हीकडे भानगड नावाचीच होती.

काळ बघा. 1950 साली अमेरिकेत शंभरातल्या जेमतेम नऊ घरांत टीव्ही होता. 1955 पर्यंत हा आकडा साठच्या वर गेला. घराघरात रोज नवे चेहरे दिसू लागले आणि 'टीव्हीवर येतो म्हणून प्रसिद्ध' असा एक नवा वर्ग तयार झाला. चित्रपटात ग्लॅडिस ज्या गप्पांच्या कार्यक्रमात जाते तिथे इल्का चेस, कॉन्स्टन्स बेनेट यांच्यासारख्या खऱ्याच नामवंत स्त्रिया स्वतःच्या नावानं बसलेल्या दिसतात. आणि साबण कंपनी हाही कथेतला निव्वळ योगायोग नाही. त्या वेळी रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम प्रायोजक कंपन्यांच्या पैशावर चालत. दुपारच्या कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं तेच मुळी साबण कंपन्या त्यांचा खर्च उचलत म्हणून. पडद्यावर कोण दिसावं हे साबण, कॉफी, टूथपेस्ट विकणारे ठरवत.

आणि कोण दिसू नये, हेही तेच ठरवत.

शीतयुद्ध पेटलं होतं. जून 1950 मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ-टीव्हीशी संबंधित 151 लोकांची नावं होती आणि प्रत्येकापुढे त्यानं कोणत्या सभेला हजेरी लावली, कोणत्या निवेदनावर सही केली, कोणत्या संस्थेला मदत केली याची जंत्री. पुरावा असा काही नव्हता. कोर्ट नव्हतं, आरोपपत्र नव्हतं, बचावाची संधी नव्हती. फक्त यादीत नाव होतं. पण प्रायोजकांना तेवढं पुरेसं झालं. त्याच वर्षी जीन म्यूर या अभिनेत्रीला 'द ऑल्ड्रिच फॅमिली' या मालिकेतून काढलं गेलं. सिरॅक्यूज शहरातला लॉरेन्स जॉन्सन हा किराणा दुकानांचा मालक कंपन्यांना धमकावत असे की, यादीतल्या कलाकारांना काम दिलंत तर तुमच्या मालाशेजारी तशा पाट्या लावून गिऱ्हाइकांना विचारीन, हा माल तुम्हाला चालेल का? फिलिप लोब हा नावाजलेला नट या यादीमुळे लोकप्रिय मालिकेतून गेला. सप्टेंबर 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यानं जीव दिला.

त्या 151 नावांत एक नाव होतं ज्युडी हॉलिडे. तीच ही ग्लॅडिस ग्लोव्हर.

ज्युडी 1921 साली न्यूयॉर्कमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मली. तिचं मूळ आडनाव ट्युविम. हिब्रूत सणाच्या दिवसाला 'योम तोव' म्हणतात. त्यातल्या 'तोव', म्हणजे चांगलं, या शब्दाशी हे आडनाव नातं सांगतं. हॉलिवूडमध्ये पाऊल ठेवताना ट्युविमचं हॉलिडे झालं. अर्थ जवळपास तोच राहिला, फक्त त्यातली हिब्रू ओळख पुसली गेली. तरुणपणी ती ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरमध्ये टेलिफोनच्या स्विचबोर्डवर बसायची. मग मित्रांसोबत न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत विनोदी नकला केल्या. 1946 साली कॅनिन यांच्याच 'बॉर्न यस्टरडे' या नाटकातल्या वरवर बावळट पण आतून हुशार मुलीच्या भूमिकेनं तिचं नाव झालं आणि त्यावरच्या चित्रपटासाठी 1951 साली तिला ऑस्कर मिळालं. त्या वर्षी स्पर्धेत ग्लोरिया स्वॉन्सन आणि बेट डेव्हिस होत्या.

म्हणजे एका वर्षात नाव यादीत आलं आणि पुढच्या वर्षी ऑस्करवर. मार्च 1952 मध्ये तिला सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीपुढे बोलावलं गेलं. पॅट मॅकॅरन हे तिचे अध्यक्ष. अशा समित्यांची एक ठरलेली मागणी असे: इतरांची नावं सांगा. सांगितलीत तर तुम्ही सुटलात, मग तुमच्या जागी ते. कितीतरी मोठ्या कलावंतांनी मित्रांची नावं दिली. ज्युडीनं काय केलं? ती आपली पडद्यावरची बावळट मुलगी बनली. मला कळलं नाही, मी कुठेही सही करत गेले, माझ्या भोळेपणाचा लोकांनी फायदा घेतला, अशा थाटाची उत्तरं देत राहिली. तिच्या जुन्या मित्रांबद्दल खोदून विचारलं गेलं, पण तिनं कुणाला अडकवलं नाही. प्रत्यक्षात ही बाई वाचनाची दांडगी आणि तल्लख बुद्धीची म्हणून ओळखली जायची.

तिला उगाच शहीद करण्याचं कारण नाही. आपल्या आधीच्या भूमिकांपासून तिनं हात झटकले, स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं, आणि हा अपमान तिला सोपा गेला नसणार. पण स्वतःचं नाव थोडं खाली आणून तिनं दुसऱ्यांची नावं वाचवली, हे खरं. चित्रपटांतलं काम टिकलं, टीव्ही-रेडिओची दारं मात्र काही काळ जवळपास बंदच राहिली. आता तो प्रसंग आठवा, ज्यात ग्लॅडिस टीव्हीवर मिरवते. काहीच न केलेल्या ग्लॅडिसला साबण कंपनी डोक्यावर घेते आणि तिची भूमिका करणारी बाई मात्र प्रायोजकांना नको असते. पडद्यावर नाव मोफत फुगतं, पडद्यामागे नाव मोफत बुडतं. दोन्हीकडे माणसानं केलं काय, याची चौकशी कुणी करत नाही.

नावाची आणखी एक गंमत याच चित्रपटाशी जोडलेली आहे. पीटच्या भूमिकेत जॅक लेमन होता. त्याचा हा पहिलाच मोठा चित्रपट. कोलंबियाचे प्रमुख हॅरी कोन यांना 'लेमन' हे नाव नको होतं, समीक्षक लिंबावरून खिल्ली उडवतील म्हणून. त्यांनी 'लेनन' सुचवलं. लेमननं उत्तर दिलं की लोकांना लेनिन आठवेल! त्या दिवसांत ही साधी थट्टा नव्हती. नाव वाचलं.

इथे आपल्याकडची आठवण आल्याशिवाय राहत नाही. साधारण त्याच काळात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावांचा हाच व्यवहार चालला होता. 1944 च्या 'ज्वार भाटा'साठी देविका राणींनी युसूफ खानचं दिलीपकुमार केलं. युसूफलाही ते सोयीचं वाटलं, कारण घरी वडिलांना सिनेमा पसंत नव्हता. महजबीन मीनाकुमारी झाली, मुमताज जहाँ मधुबाला झाली, हमीद अली खान अजित झाला. त्यांचं मोठेपण अस्सल होतं, पण ते ज्या नावावर जमा झालं ते घरचं नव्हतं. 'सीआयडी' (1956) च्या वेळी वहिदा रहमानलाही नाव बदलायला सांगण्यात आलं. दाखल्याला अशीच नावं दिली गेली. तिनं साफ नकार दिला. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, तेच राहील. अजून विशीही न गाठलेली, हिंदीत नवखी मुलगी हे म्हणाली. आज फोनवर भाड्याचं घर विचारताना नाव सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरते ती ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या नकाराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

प्रसिद्धीच्या या नव्या जातीबद्दल पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॅनियल बूरस्टिन या इतिहासकारानं 'द इमेज' हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. प्रसिद्ध असल्याबद्दलच प्रसिद्ध असलेला माणूस, ही व्याख्या त्याचीच. ग्लॅडिसनं ती काही वर्षं आधीच जगून दाखवली होती. पण याच बूरस्टिननं 1953 साली अशाच एका समितीपुढे आपल्या जुन्या साथीदारांची नावं दिली होती. प्रसिद्धीचं इतकं नेमकं विश्लेषण करणारा विद्वान तिथे नावं देऊन आला आणि 'बावळट' नटी न देता आली.

आपल्या परंपरेत या विषयाची जुनी जाण आहे. रिया, म्हणजे लोकांनी पाहावं म्हणून केलेलं सत्कृत्य, हा मोठा दोष मानला आहे. सहीह मुस्लिममधली एक हदीस बहुतेकांनी ऐकली असेल. लढवय्या, विद्वान आणि दानशूर असे तिघे कयामतच्या दिवशी आपलं काम सांगतात आणि त्यांना उत्तर मिळतं की तुम्ही हे लोकांनी म्हणावं म्हणून केलंत, आणि लोकांनी ते म्हटलं. म्हणजे मोबदला तिथेच चुकता झाला. गंमत अशी की त्या तिघांनी निदान काहीतरी केलं होतं. आपल्या गावच्या चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हसणारे चेहरे बघताना, किंवा वर्गातली मुलं कुणाचे किती फॉलोअर हे नमाजच्या वेळांपेक्षा अचूक सांगतात तेव्हा, मला वाटतं की आपण त्या तिघांच्याही पुढे गेलो आहोत. आपल्याला कामही नको, फक्त फलक हवा.

तरीही मला ग्लॅडिसचा राग येत नाही. लहान गावातून आलेल्या, नोकरी गेलेल्या, कुणी न ओळखणाऱ्या मुलीला एकदा आपलं नाव मोठ्या अक्षरांत बघावंसं वाटतं, यात पाप नाही. ज्यांची नावं हजेरीपटावर धड लिहिली जात नाहीत त्यांना ही भूक चांगली ठाऊक असते. चित्रपटही तिला शिक्षा करत नाही. शेवटी ती पीटसोबत गाडीतून जात असते आणि रस्त्याकडेला एक रिकामा फलक दिसतो. तिची नजर क्षणभर त्यावर रेंगाळते. काय बघतेस, असं पीट विचारतो. काही नाही, ती म्हणते. भूक मेलेली नाही, पण आता ती तिला ओळखते.

ज्युडी हॉलिडे 7 जून 1965 रोजी कर्करोगानं गेली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना. ऑस्करमुळे तिचं नाव इतिहासात राहीलच. पण मुलांना मी तिच्याबद्दल सांगतो तेव्हा ऑस्करपासून सुरुवात करत नाही. सांगतो ते त्या बंद खोलीतल्या साक्षीबद्दल, जिथे तिच्याकडे नावं मागितली गेली आणि तिनं ती स्वतःजवळच ठेवली. उर्दूत इज्जत आणि शोहरत हे दोन वेगळे शब्द आहेत. शोहरत फलकावर मिळते आणि भाडं संपलं की उतरते. इज्जत कुठे मिळते, हे त्या साक्षीवरून मुलांना आपोआप कळतं.