पोकर शिकताय? पैसे न लावता खेळ कसा सुधारायचा – नवशिक्यांसाठी संपूर्ण माहिती

पत्ते आपण बहुतेक जण मे महिन्याच्या सुट्टीत शिकलो. बदाम सात, मेंढीकोट, रमी आणि मोठी मुलं गच्चीवर लपून खेळायची ती तीन पत्ती. पोकरची ओळख मात्र अनेकांना थेट फोनवरच होते.

माझंही तसंच झालं. पहिली नोकरी लागल्यावर मी एका अ‍ॅपवर पोकर खेळायला लागलो. पहिल्या आठवड्यात जिंकलो आणि वाटलं, आपल्याला जमतंय. पुढच्या चार महिन्यांत १८ हजार रुपये गेले. मी हरतोय हे कळायलाच मला चार महिने लागले, कारण जिंकलेले डाव लक्षात राहायचे आणि हरलेले डाव 'नशीब खराब' म्हणून मी सोडून द्यायचो. पुढे पैसे बंद केले, वही हातात घेतली आणि मग कुठे खेळ सुधारायला लागला. ती पद्धत या लेखात आपण पाहणार आहोत.

## आधी कायदा समजून घ्या

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी आणली आहे. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा फरक त्यात केलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंड. त्यानंतर देशातल्या मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांचा पोकर बंद केला.

त्यामुळे टेलिग्रामवर कोणी 'परदेशी अ‍ॅप आहे, चालतं' म्हणून एपीके फाइल पाठवली तर ती इन्स्टॉल करू नका. अशा ठिकाणी पैसे अडकले तर दाद मागायला जागा नसते. शिकण्यासाठी मोफत चिप्सवाला खेळ किंवा घरातला पत्त्यांचा कॅट आणि काड्यापेटीतल्या काड्या पुरेशा आहेत.

## खेळ थोडक्यात

सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम.

- प्रत्येकाला २ बंद पत्ते मिळतात.
- टेबलावर सगळ्यांसाठी मिळून ५ उघडे पत्ते पडतात: आधी ३ (फ्लॉप), मग १ (टर्न), शेवटी १ (रिव्हर).
- बंद पत्ते मिळाल्यावर आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर, अशा एकूण चार वेळा चिप्स लावायची संधी येते.
- तुमच्या वेळी तुम्ही चेक, कॉल, रेज किंवा फोल्ड करू शकता. फोल्ड म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडणं.
- शेवटी ७ पैकी सर्वोत्तम ५ पत्ते ज्याचे, त्याचा पॉट. बाकी सगळ्यांनी आधीच पत्ते टाकले, तर उरलेला एकटा न दाखवताच जिंकतो.

## तीन पत्ती खेळणाऱ्यांची पहिली चूक

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी. पोकरमध्ये उलटं आहे: कलर, म्हणजे फ्लश, हा सिक्वेन्सपेक्षा, म्हणजे स्ट्रेटपेक्षा मोठा. सवयीने इथे हमखास गोंधळ होतो.

कारण अगदी सोपं आहे. जे कमी वेळा येतं ते मोठं. ५२ पत्त्यांतून ३ पत्ते घेतले तर साध्या सिक्वेन्स ७२० प्रकारे बनतात आणि कलर १,०९६ प्रकारे. म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ. ५ पत्ते घेतले तर साधे स्ट्रेट १०,२०० प्रकारे बनतात आणि साधे फ्लश ५,१०८ प्रकारे. पत्ते वाढले तसा क्रम फिरला. एकदा हे कळलं की पाठ करायची गरज राहत नाही.

## पायरी १: पत्ते टाकायला शिका

नवशिका माणूस ब्लफमुळे कमी आणि नको ते डाव खेळल्यामुळे जास्त हरतो. दोन बंद पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोड्या होऊ शकतात. त्यात कुठलीही जोडी (दोन राजे, दोन सत्त्या वगैरे) सरासरी १७ डावांतून एकदा येते. दोन एक्के २२१ डावांतून एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हातात साधेच पत्ते असणार.

सुरुवातीला इतकं पाळा:

- टेबलावर ६ ते ८ जण असतील तर साधारण ५ किंवा ६ डावांतून एकच खेळा. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी असे पत्ते.
- तुमची पाळी आधी येत असेल तर आणखी कडक राहा. पाळी शेवटी असेल तर थोडं सैल चालतं, कारण तोपर्यंत बाकीच्यांनी काय केलं ते तुम्हाला दिसलेलं असतं.
- 'दोन्ही पत्ते बदामाचे आहेत' एवढ्याच कारणावर डावात शिरू नका.

## पायरी २: चार आणि दोनचा नियम

समजा तुमच्याकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती आहे. फ्लॉपवर आणखी दोन बदाम आले. एकूण १३ बदाम, त्यातले ४ दिसले, म्हणजे ९ बाकी. यातला एक आला की फ्लश.

- अजून दोन पत्ते यायचे असतील तर ९ × ४ = ३६ टक्के. (अचूक उत्तर: ३५)
- एकच पत्ता यायचा असेल तर ९ × २ = १८ टक्के. (अचूक उत्तर: १९ ते २० च्या दरम्यान)

आता या टक्केवारीचा उपयोग बघा. टर्न पडला, फ्लश झाला नाही. पॉटमध्ये १०० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० भरल्या तर पॉट २०० होईल. म्हणजे २०० मधला तुमचा वाटा ५०, अर्थात २५ टक्के. तुमची शक्यता २० टक्क्यांच्या आत. सौदा महाग आहे, फोल्ड करा.

त्याने ५० ऐवजी २० लावल्या असत्या तर? १४० मधल्या २०, म्हणजे १४ टक्के. आता सौदा स्वस्त आहे, कॉल करा. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी चिप्स देईल अशी खात्री असेल तर थोडा महाग सौदाही चालतो, पण सुरुवातीला साध्या हिशोबावरच राहा.

पत्ते तेच, शक्यता तीच, तरी निर्णय बदलला. 'माझे पत्ते चांगले आहेत का' एवढं विचारून भागत नाही. 'या किमतीला चांगले आहेत का' हे विचारा.

## पायरी ३: निकाल सोडा, निर्णय तपासा

तुमच्याकडे दोन एक्के आणि समोर दोन राजे. फ्लॉपआधीच दोघांनी सगळ्या चिप्स लावल्या. तुम्ही जिंकण्याची शक्यता जवळपास ८२ टक्के. तरीही अशा पाच-सहा डावांतून एकदा तुम्ही हरणारच. हरलात म्हणून निर्णय चुकला नाही. तसंच वरच्या उदाहरणात ५० चिप्स भरून बदाम लागला, म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही.

मी नेमकं इथेच चुकत होतो. जिंकलो की हुशारी, हरलो की नशीब. असा हिशोब ठेवला की माणूस कितीही डाव खेळला तरी शिकत नाही.

## कॉम्प्युटर पोकर कसा शिकला?

२०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं. २०१९ मध्ये 'प्लुरिबस' आला, तो सहा जणांच्या टेबलावर जिंकला. नोम ब्राउन आणि तुमास सँडहोम हे दोन्हीमागचे संशोधक. प्लुरिबसचा मूळ सराव ६४ कोअरच्या एका सर्व्हरवर ८ दिवसांत झाला आणि त्याला माणसांचा एकही डाव शिकवला नव्हता.

मग तो शिकला कसा? स्वतःविरुद्धच खेळून. सुरुवातीला वाटेल ते खेळायचा. प्रत्येक डावानंतर मागे जाऊन हिशोब करायचा: इथे कॉलऐवजी फोल्ड केलं असतं तर काय झालं असतं? रेज केलं असतं तर? न केलेली चाल जितकी चांगली निघेल तितका तिचा 'पस्तावा' जास्त, आणि पुढच्या वेळी ती चाल खेळण्याचं प्रमाण जास्त. या तंत्राचं नावच काउंटरफॅक्च्युअल रिग्रेट मिनिमायझेशन आहे, म्हणजे पस्तावा कमी करत जाणं. आपण पस्तावतो ते फक्त हरल्यावर. प्रोग्राम जिंकलेले डावसुद्धा तपासतो.

## पायरी ४: डावांची वही ठेवा

हेच तंत्र आपण फोनच्या नोट्समध्ये वापरू शकतो. रोज २० ते ३० डाव खेळा आणि त्यातले ज्यात अडखळलात असे फक्त ३ डाव लिहा. दोन हरलेले, एक जिंकलेला.

१. माझे पत्ते आणि टेबलावरचे पत्ते
२. पॉट किती, मला भरायचे किती, म्हणजे किती टक्के
३. माझी शक्यता किती (चार-दोनचा नियम)
४. मी काय केलं आणि का
५. दुसरं काय करता आलं असतं

डाव जिंकला की हरला, हे मुद्दाम लिहू नका. आठवड्याने वाचाल तेव्हा निकाल आठवणार नाही आणि चूक स्पष्ट दिसेल.

## पायरी ५: शंका आली तर कोड लिहा

फोनवर पायथन चालवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या. ५२ पत्त्यांची यादी करा, दिसलेले पत्ते काढून टाका, उरलेले पिसा, पुढचा पत्ता उचला आणि तो बदाम आहे का ते मोजा. हे एक लाख वेळा करा. १५-२० ओळींचं काम आहे. उत्तर खऱ्या शक्यतेच्या अगदी जवळ येईल. कॉलेजात रटाळ वाटलेली प्रोबॅबिलिटी मला अशीच समजली.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोफत चिप्सवर सगळेच वाटेल तसं खेळतात. मग सराव कसा होणार?
स्वतःला मर्यादा घाला. दिवसाला ठरावीक चिप्स; संपल्या की त्या दिवशी खेळ बंद. आणि असे खेळाडू सहसा पत्ते टाकत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे ब्लफ करू नका. चांगले पत्ते आले तरच लावा.

'समोरच्याचे पत्ते दाखवणारं' अ‍ॅप खरं असतं का?
नाही. नीट बनवलेल्या खेळात पत्ते सर्व्हरवर पिसले जातात आणि तुमच्या फोनला फक्त तुमचे दोन आणि टेबलावरचे उघडे पत्ते पाठवले जातात. जे फोनवर आलंच नाही ते कुठलंही अ‍ॅप दाखवू शकत नाही. अशी अ‍ॅप्स एसएमएस आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती मिळाली की तुमचे ओटीपी वाचता येतात.

किती दिवसांत सुधारणा दिसेल?
जिंकण्या-हरण्यावरून लवकर काहीच कळणार नाही. वहीत एकच चूक पुन्हा पुन्हा येणं थांबलं की समजा, खेळ सुधारला.

माझ्या वहीत पहिले दोन महिने एकच चूक होती: महाग सौदा, तरी कॉल. तुमची कुठली आहे ते पहिल्याच आठवड्यात कळेल. कॅट काढा, काड्या वाटा आणि सुरू करा. कोणी मित्र अजूनही पैसे लावून खेळत असेल तर हा लेख त्याला नक्की पाठवा.