परभाषेच्या शाळेतील तीन विद्यार्थी

इ. स. १५७८ च्या २४ मार्च रोजी लिस्बन बंदरातून पोर्तुगीज गलबतांचा एक ताफा गोव्याच्या दिशेने निघाला. त्यात येशूसंघाचे काही तरुण सभासद होते. पंचवीस वर्षांचे मातेओ रिची इटलीतील माचेराता गावचे. सत्तावीस वर्षांचे रुडॉल्फ आक्वाविवा आत्रीच्या सरदार घराण्यातले. जवळजवळ सहा महिने समुद्रावर काढून १३ सप्टेंबर रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, त्याच सागरी वाटेने थॉमस स्टीफन्स हे इंग्रज तरुण गोव्यात उतरले. येशूसंघातील प्रवेशाची वर्षे निरनिराळी असली, तरी या तिघांचीही पहिली घडण रोममधील संत अँड्र्यू यांच्या नावाने असलेल्या एकाच नॉव्हिशिएटमध्ये झाली होती.

एका घरात घडलेल्या या तिघांना पुढे तीन वेगळ्या भाषांच्या दारात उभे राहावे लागले. आक्वाविवा यांच्या वाट्याला फारसी आली, रिची यांच्या वाट्याला चिनी आणि स्टीफन्स यांच्या वाट्याला कोकणी व मराठी. त्यांना आपण मिशनरी, ग्रंथकार आणि रक्तसाक्षी म्हणून ओळखतो. ते दीर्घकाळ विद्यार्थी होते, याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. घर सोडून दूरदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची दृष्टी कशी पालटते, त्याला मित्र कसे लाभतात आणि कशाने दुरावतात, हे समजून घ्यायचे असेल, तर या तिघांच्या चरित्रांकडे पुन्हा एकदा पाहावयास हवे.

लॅटिनचे छत्र

त्या काळी रोमच्या महाविद्यालयात इटालियन, जर्मन, पोर्तुगीज, इंग्रज अशी नाना देशांची मुले एकत्र शिकत. त्यांच्या मातृभाषा वेगळ्या असल्या, तरी वर्गात आणि प्रार्थनेत सर्वांची भाषा लॅटिन होती. या एका छत्राखाली परकेपणा फारसा जाणवत नसे. रिची यांनी तेथेच क्लावियस या ख्यातनाम गुरूंकडून गणित आणि खगोलशास्त्र आत्मसात केले.

परंतु अशा छत्राची एक सावलीही असते. आपली भाषा सर्वत्र चालते अशी ज्याची खात्री असते, त्याला ती न येणारा मनुष्य सहजच अडाणी वाटू लागतो. ज्ञान लॅटिनमध्ये आहे, म्हणून ज्याला लॅटिन येत नाही त्याच्यापाशी ज्ञान नाही, अशी समजूत नकळत रुजते. ही समजूत मोडण्याचे काम प्रवासाने केले. पूर्वेकडे जाण्याआधी रिची यांना कोइंब्रा येथे थांबून पोर्तुगीज शिकावी लागली. समुद्र ओलांडल्यावर तर लॅटिन केवळ महाविद्यालयाच्या भिंतींच्या आत उरली. भिंतीबाहेरच्या बाजारात आणि शेतात तिला कोणी ओळखत नव्हते.

गोव्याच्या वर्गात

गोव्याच्या संत पॉल महाविद्यालयात रिची स्वतः ईशज्ञान शिकत होते आणि लहान विद्यार्थ्यांना लॅटिन व ग्रीक शिकवीत होते. प्रकृती बिघडल्यामुळे ते काही काळ कोचीनला राहिले आणि १५८० साली तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या वर्षी कोचीनहून रोममधील आपल्या एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मनातली व्यथा मांडली. नातलगांच्या विरहापेक्षा विद्यार्थिदशेतील स्नेह्यांचा विरह आपल्याला अधिक सलतो, असा त्या पत्राचा आशय आहे. जहाजाने जाणारे पत्र वर्षभराने पोहोचावयाचे आणि उत्तरासाठी तितकेच थांबावयाचे. अशा अंतरावर जुनी मैत्री टिकवणेही कष्टाचे होते.

ज्याला स्वतःचे एकटेपण ठाऊक असते, त्याला शेजारच्या बाकावरील मुलाचे एकटेपण लवकर दिसते. संत पॉल महाविद्यालयातील एतद्देशीय विद्यार्थ्यांना युरोपीय विद्यार्थ्यांसोबत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकू देऊ नये, असा निर्णय त्या सुमारास झाला. फार शिकल्यास ते गर्विष्ठ होतील आणि खेड्यापाड्यांतील गरीब धर्मग्रामांत सेवा करण्यास तयार होणार नाहीत, असे कारण दिले गेले. रिची तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि त्यांच्यापाशी कोणताही अधिकार नव्हता. तरीही नोव्हेंबर १५८१ मध्ये त्यांनी थेट रोमला येशूसंघाच्या महाअधिकाऱ्यांना पत्र लिहून या निर्णयास विरोध केला.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. विद्येने गर्व येतो हे कारण मानावयाचे, तर ते युरोपातील विद्यार्थ्यांनाही तितकेच लागू पडते. त्यांना कोणी वर्गाबाहेर काढीत नाही. येथील लोक कितीही शिकले, तरी गोऱ्या लोकांत त्यांना क्वचितच मान मिळतो. त्यांना विद्येचे दारही बंद केले, तर त्यांच्या मनात आपल्याविषयी तिरस्कार उत्पन्न होईल आणि ज्या कार्यासाठी आपण येथे आलो, त्याचीच हानी होईल. रोममधून निघालेला तरुण आणि हे पत्र लिहिणारा तरुण यांच्यात केवळ चार वर्षांचे अंतर होते. या चार वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती: एका वर्गात बसणाऱ्यांत वरचा आणि खालचा असा भेद केला, की तेथे मैत्रीचे बीज रुजत नाही.

अकबराच्या दरबारात

इकडे आक्वाविवा यांना वेगळेच बोलावणे आले होते. बादशहा अकबराने गोव्याहून ख्रिस्ती पंडितांना पाचारण केले होते. १५८० च्या आरंभी आक्वाविवा आणि त्यांचे दोन सहकारी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. सहकाऱ्यांपैकी फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे होर्मुझचे असल्याने फारसी जाणत. प्रारंभी त्यांच्याच मुखाने संवाद चाले. परंतु धर्मासारखा सूक्ष्म विषय दुसऱ्याच्या तोंडून मांडताना अर्थ निसटतो. म्हणून आक्वाविवा स्वतः फारसीच्या अभ्यासाला बसले आणि काही महिन्यांतच दुभाष्याशिवाय बोलू लागले. दुसरीकडे, अकबराने आपला मुलगा मुराद याला पोर्तुगीज शिकण्यासाठी फादर मोन्सेरात यांच्या स्वाधीन केले. पाहुणा यजमानाची भाषा शिकत होता आणि यजमानाचा मुलगा पाहुण्याची.

अकबर ख्रिस्ती झाला नाही. आक्वाविवा परतण्याची परवानगी मागत तेव्हा तो नाखुशी दाखवी. अखेर १५८३ मध्ये त्याने त्यांना निरोप दिला. या मैत्रीला धर्मांतराची अट नव्हती.

गोव्यात परतल्यावर आक्वाविवा यांच्याकडे साष्टीची जबाबदारी आली आणि २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे चार सहकाऱ्यांसह त्यांची हत्या झाली. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी या पाचही रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या बलिदानापुढे आपण नतमस्तक होतो. त्याच वेळी इतिहासाशी प्रामाणिक राहून हेही सांगितले पाहिजे, की पोर्तुगीज सत्तेने त्या परिसरातील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनातील घाव ताजे होते. आग्र्याच्या वाटेवर आक्वाविवा पाहुणे म्हणून गेले होते. कुंकळ्ळीत लोकांना त्यांच्यामागे सत्तेची तलवार दिसली. जेथे तलवार आधी पोहोचते, तेथे गोड शब्दालाही उशीर झालेला असतो.

चिनी अक्षरांपुढे

रिची १५८२ च्या ऑगस्टमध्ये मकाव येथे पोहोचले. त्यांच्यासोबत लिस्बनहून निघालेले मिकेले रुज्जेरी तीन वर्षे आधीपासून तेथे चिनी भाषेशी झुंजत होते. जेथे आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो आणि जेथे प्रत्येक शब्दाला वेगळे चिन्ह आहे, अशी ही भाषा. ग्रीक आणि लॅटिन शिकवणारे रिची पुन्हा बिगरीत बसले. १५८३ मध्ये दोघांना चाओचिंग शहरात राहण्याची अनुमती मिळाली. तेथे त्यांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे हस्तलिखित तयार केले आणि चीनचे चार अभिजात ग्रंथ ते अभ्यासू लागले. पुढे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिक्षक ठेवून रिची चिनी गद्य लिहिण्याचे धडे घेत होते.

या अभ्यासाने त्यांची दृष्टी बदलली. प्रारंभी ते बौद्ध भिक्षूंचा वेश करीत. चू थायसू नावाचा एक विद्वान त्यांच्याकडे गणित शिकावयास आला आणि त्यांचा मित्र झाला. विद्वानांच्या समाजात वावरावयाचे, तर विद्वानांचाच वेश हवा, हा सल्ला त्याने दिला. रिची यांनी तो मानला. गुरूने शिष्याचे ऐकले, कारण चीनच्या रीतिरिवाजांत तो शिष्यच गुरू होता.

१५९५ साली नानचांग येथे रिची यांनी चिनी भाषेतील आपले पहिले पुस्तक स्वतः लिहिले. त्याचा विषय मैत्री हा होता. कन्फ्यूशियसच्या परंपरेत माणसामाणसांतील पाच नाती सांगितली आहेत. राजा-प्रजा, पिता-पुत्र, पती-पत्नी आणि थोरला-धाकटा भाऊ या चार नात्यांत एक वरचा आणि एक खालचा. केवळ मित्राचे नाते बरोबरीचे. सिसेरो, सेनेका, संत ऑगस्टिन यांच्या परंपरेतील मैत्रीविषयक विचार रिची यांनी चिनी वाचकांपुढे ठेवले आणि विद्वानांनी ते डोक्यावर घेतले. घड्याळे आणि नकाशे यांमुळे लोक आपल्याला कुशल कारागीर समजत. या छोट्या पुस्तकामुळे मात्र विद्या आणि सद्गुण असलेला माणूस म्हणून ओळखू लागले, अशा आशयाचे त्यांनी पुढे पत्रात लिहिले.

या मैत्रीचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे शू क्वांगछी. शांघायच्या या विद्वानाने १६०३ साली पॉल या नावाने बाप्तिस्मा घेतला. बीजिंगमध्ये दोघे एकत्र बसत. रिची युक्लिडच्या भूमितीचा अर्थ तोंडी सांगत आणि शू तो नेमक्या चिनीत उतरवीत. दोघांपैकी एकट्याला हे काम जमले नसते. १६०७ साली पहिले सहा भाग छापून निघाले. बिंदू, रेषा, काटकोन यांसाठी त्यांनी योजलेले शब्द आजही चिनी मुलांच्या पुस्तकात आहेत. ११ मे १६१० रोजी रिची निवर्तले, तेव्हा सम्राटाने त्यांच्या दफनासाठी बीजिंगमध्ये जागा दिली. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय घोषित केले.

साष्टीतील इंग्रज मराठी

तिसरे विद्यार्थी आपल्या घरचेच. फादर स्टीफन्स यांनी जवळजवळ चाळीस वर्षे गोव्यात, मुख्यतः साष्टीत, घालवली. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले आहे. विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार १७८६ साली मांडला आणि तो जगप्रसिद्ध झाला. स्टीफन्स यांना तो दोनशे वर्षे आधी सुचला होता. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोल येथे छापले गेले.

‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीचा प्रसंग अर्थपूर्ण आहे. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, मग आम्हाला आमच्या भाषेत दुसरे पुराण का करून देत नाही, असा प्रश्न एक नवख्रिस्ती तेथे पाद्रीगुरूंना विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. तो १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी पुष्कळांना मुखोद्गत आहेत. ज्याने ओवी कानाने ऐकली, तोंडाने घोळवली आणि चुकतमाकत आत्मसात केली, त्यालाच ती अशी लिहिता येते.

याच गोव्यात पुढे उलट वारे वाहिले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. भाषेची भिंत पाडण्याचा हाही एक मार्ग होता: समोरच्याची जीभच बदलावयाची! परंतु माणसे आपली भाषा अशी टाकीत नाहीत. ती कोकणी घराघरांत जिवंत राहिली आणि १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली. फर्मान इतिहासाच्या दप्तरात पडून आहे. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र उपवासकाळात भाविकांच्या ओठांवर राहिले.

आपल्या घरातील प्रश्न

हा इतिहास सांगण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. आपली मुले आज शिक्षणासाठी बंगळूरला जातात, कॅनडा-जर्मनीलाही जातात. त्यांच्या हाती इंग्रजी आहे. रिची यांच्या पिढीला जशी लॅटिन, तशी ही इंग्रजी आपल्या मुलांचे छत्र आहे. आणि त्या छत्राची सावलीही तीच आहे. आपल्याच गावच्या चार मुलांत राहावयाचे, आपलेच जेवण जेवावयाचे आणि इथले लोक मिसळत नाहीत अशी तक्रार घरी कळवावयाची, असे सहज घडते. अशा वेळी आईवडिलांनी प्रेमाने विचारावे: तू त्यांच्या भाषेतले किती शब्द शिकलास? कोणापाशी शिकलास?

दुसरा प्रश्न आपल्या स्वतःसाठी आहे. आपल्या धर्मग्रामांत झारखंड-छत्तीसगडहून कामासाठी आलेले भाविक मागच्या बाकांवर बसतात. डोंगरपट्टीतील वारली मुले आपल्या शाळांत येतात, तेव्हा घरची बोली त्यांना फाटकाबाहेर ठेवावी लागते. आपली घरची बोली ऐकून कधीकाळी आपल्यालाही कोणी हसले असेल. मग त्यांच्या बोलीतील नमस्कार तरी आपल्याला येतो काय?

पेंटेकोस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, तेव्हा यरुशलेमेत जमलेल्या लोकांना एकच भाषा दिली गेली नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली. नवी भाषा बोलण्याचे काम प्रेषितांकडे आले, श्रोत्यांकडे नव्हे. रिची, आक्वाविवा आणि स्टीफन्स यांना ते दान एका दिवसात मिळाले नाही. पाटी-पेन्सिल घेऊन, चुका करीत, इतरांकडून दुरुस्त होत ते मिळवावे लागले. त्या कष्टांतच त्यांना मित्र लाभले. आपल्यालाही ते तसेच लाभतील.