गप्प राहण्याचा हक्क कोणाचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून १९६६ रोजी 'मिरांडा विरुद्ध अ‍ॅरिझोना' या खटल्याचा निकाल दिला. अटकेतल्या माणसाला प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांनी त्याला चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, असे या निकालाने ठरविले. तुला गप्प राहण्याचा हक्क आहे. तू जे बोलशील ते न्यायालयात तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. चौकशीच्या वेळी वकील जवळ ठेवण्याचा तुला हक्क आहे. आणि वकील देण्याची ऐपत नसेल तर तो तुला देण्यात येईल. इंग्रजी चित्रपटातला शिपाई बेड्या घालता घालता ही वाक्ये घडाघडा म्हणतो, म्हणून ती आपल्याकडेही अनेकांना ऐकून माहीत आहेत. पण ती वाक्ये न्यायालयाच्या तोंडी यायला कोणाकोणाच्या पाठी सोलल्या गेल्या, हे चित्रपट सांगत नाही. तो इतिहास दलित वाचकाने मुळातून समजून घेतला पाहिजे, असे मला वाटते.

सुरुवात १९३४ पासून करावी लागते. मिसिसिपी राज्याच्या केंपर परगण्यात ३० मार्च रोजी एका गोऱ्या जमीनदाराचा खून झाला. संशय आला तीन काळ्या शेतकऱ्यांवर. त्यातल्या यांक एलिंग्टनला गोऱ्यांच्या जमावाने डेप्युटी शेरीफच्या देखत दोराने झाडाला टांगले, उतरविले, पुन्हा टांगले. पुढे त्याला फटके मारले. एड ब्राउन आणि हेन्री शील्ड्स यांना तुरुंगात उघडे करून, खुर्चीवर पालथे घालून कातडी पट्ट्याने झोडपले. पोलिसांना हवा तसा, शब्दाला शब्द जुळणारा कबुलीजबाब मिळेपर्यंत पट्टा थांबला नाही. खुनानंतर एका आठवड्याच्या आत खटला संपून तिघांना फाशी झाली. दोराचा वळ एलिंग्टनच्या मानेवर न्यायालयात दिसत होता. डेप्युटीने मारहाण नाकारलीसुद्धा नाही. काळ्या माणसाच्या मानाने मार काही फार नव्हता, असे त्याने शपथेवर सांगितले. तरीही राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने फाशी कायम केली. फेब्रुवारी १९३६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध मिसिसिपी' या खटल्यात एकमताने ती रद्द केली. त्या तिघांना फाशी मागणारा सरकारी वकील जॉन स्टेनिस पुढे सिनेटर झाला आणि चार दशके त्या जागेवर राहिला. मारणाऱ्यांची व्यवस्था आपल्या माणसांना कशी सांभाळते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

या निकालाने पट्टा अडचणीचा ठरला; चौकशी मात्र थांबली नाही, तिने रूप बदलले. फ्लोरिडात काळ्या संशयितांना घाऊक पकडून कित्येक दिवस आणि शेवटी अख्खी रात्र प्रश्न विचारून कबुली मिळविण्यात आली. तीही १९४० मध्ये रद्द झाली. त्यामागे थरगुड मार्शल हे काळे वकील होते, पुढे १९६७ मध्ये त्याच न्यायालयात बसलेले पहिले काळे न्यायमूर्ती. पोलीस आता अधिक हुशार झाले. कोंदट खोली, ओळखीचे माणूस नाही, एक अधिकारी दरडावणारा आणि दुसरा पाठीवर हात ठेवणारा, असे धडे देणारी पुस्तकेच निघाली.

अर्नेस्टो मिरांडा हा मेक्सिकन वंशाचा बावीस वर्षांचा गरीब तरुण, नववीही पूर्ण न केलेला. अपहरण आणि बलात्काराच्या आरोपावरून १३ मार्च १९६३ रोजी फीनिक्स शहरात त्याला पकडले. दोन तासांत त्याने कबुली लिहून दिली. त्या कागदावर आधीच छापलेले होते, की हा जबाब मी स्वखुशीने, माझ्या हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून देत आहे. वकील मिळू शकतो हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. सरन्यायाधीश अर्ल वॉरन हे स्वतः एके काळी सरकारी वकील होते. त्यांनी पोलिसांच्या त्या पुस्तकांतले उतारेच निकालात घातले आणि दाखवून दिले, की बंद खोलीत एकट्या माणसावर येणारे दडपण हीच एक जबरदस्ती आहे. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल झाला. गुन्हेगार मोकाट सुटतील अशी ओरड झाली. पण खुद्द मिरांडा १९६७ मध्ये त्या कबुलीशिवाय, इतर पुराव्यावर पुन्हा दोषी ठरला.

मग बदलले काय? पोलिसांच्या खिशात छापील कार्डे आली. पोलिसाला आधी आरोपीचा हक्क उच्चारावा लागू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण हक्क वाचून दाखविणारा आणि जबाब हवा असणारा माणूस एकच राहिला, खोलीही तीच राहिली. त्यामुळे बहुतेक आरोपी हक्क सोडल्याची सही करतात. पोलिसांनी चौकशीत खोटे सांगितले तरी चालते, असे न्यायालयाने १९६९ मध्येच म्हटले. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली चौदा ते सोळा वर्षांच्या पाच काळ्या व लॅटिन मुलांना हक्क वाचून दाखवूनच कबुलीजबाब घेतले गेले. ते निर्दोष होते हे २००२ मध्ये सिद्ध झाले. आणि शिकागोत जॉन बर्ज या अधिकाऱ्याच्या हाताखाली १९७२ ते १९९१ पर्यंत शंभराहून अधिक लोकांना, जवळजवळ सगळे काळे, विजेचे झटके देऊन, तोंडावर पिशवी आवळून छळले गेले. तेव्हा कार्ड छापलेले होतेच. २०१० मध्ये तर त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जवळजवळ तीन तास गप्प बसणे म्हणजे गप्प राहण्याचा हक्क बजावणे नव्हे. तसे तोंडाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ ने घातलेला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो आहे. म्हणजे कागदावर आपण मिरांडाच्याही पुढे आहोत! पण त्याच कायद्याच्या कलम २७ ने, आणि आता नव्या कायद्याने, एक खिडकी उघडी ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात चालते. मुद्देमाल 'काढून' देईपर्यंत पाठीवर काय होते, हे पारध्यांच्या पालावर जाऊन विचारावे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच संशयित ठरविल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यातली नजर गेली नाही.

१९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एप्रिलमध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मिरांडाचा आधार घेऊन सांगितले, की स्वतःविरुद्ध न बोलण्याचा राज्यघटनेतला हक्क पोलीस चौकशीतही लागू आहे. बाई ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. सप्टेंबरमध्ये दुसरा निकाल आला. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात दोन्ही पोलीस सुटले, कारण तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरड केली नाही. एकीचे गप्प राहणे हक्क ठरले, दुसरीचे गप्प राहणे संमती ठरली. न्यायालय तेच आणि वर्षही तेच.

मौनाला अर्थ येतो तो शेजारी कोण उभे आहे यावरून. हे बाबासाहेबांनी ओळखले होते. अटकेची कारणे कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले जाण्याचा हक्क आज कलम २२ मध्ये आहे. मूळ मसुद्यात तो नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः ती तरतूद घटना समितीत मांडली. मिरांडाच्या निकालाला तेव्हा सतरा वर्षे अवकाश होता. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा लेखी कागद, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी असे अकरा नियम घातले. तरीही चौकशीभर वकील जवळ बसू शकत नाही. मध्ये भेटू शकतो, एवढेच.

मिरांडाच्या निकालानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष जन्मला. त्याचे तरुण पोलिसांच्या गाडीमागे फिरत. बंदुकांमुळे ते गाजले, पण त्यांच्याजवळ कायद्याचे पुस्तकही असे. पोलीस एखाद्याला धरीत असताना ते कायदेशीर अंतरावर उभे राहून त्याला मोठ्याने त्याचे हक्क सांगत. बंदुका १९६७ च्या कायद्याने गेल्या. पुस्तक कोणी काढून घेऊ शकले नाही. १९७२ मध्ये मुंबईत आपण त्यांचे नाव घेतले. आपली चळवळ ठाण्यावर गेली ती बहुधा फिर्याद नोंदवून घ्या म्हणून, आणि ते आवश्यकच होते. पण आपलाच माणूस संशयित म्हणून आत असतो तेव्हा आपण चाचरतो. तो खरेच चोर असला तर, असा प्रश्न आपल्या मनात येतो. मिरांडा निर्दोष नव्हता, हे अशा वेळी आठवावे. हक्क चांगल्या माणसाचे बक्षीस असते, तर ते सर्वांआधी आपल्यालाच नाकारले गेले असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी कायदा शिकलेली आपली चार मुले-मुली अशी असावीत, की कोणत्याही वस्तीतला, कोणत्याही पालावरचा माणूस रात्री उचलला गेला तर ती त्याच रात्री ठाण्याच्या दारात पोहोचतील आणि अटकेचा कागद मागतील. हक्क कार्डावर छापलेला असो वा घटनेत, दारात कोणी उभे असल्याशिवाय तो कोठडीत पोहोचत नाही.