अमेरिकी विमाव्यवस्थेतील दंतोपचार आणि विमेदाराचा पदरचा खर्च : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विमा उतरविला की उपचारांच्या खर्चाची चिंता मिटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेत मात्र आरोग्यविमा आणि दंतविमा असे दोन्ही विमे असणाऱ्या व्यक्तीलाही उपचारांनंतर मोठ्या रकमेचे बिल भरावे लागू शकते. हा पदरचा खर्च विमेदाराला अनपेक्षित वाटतो. परंतु तो विमाव्यवस्थेच्या ऐतिहासिक जडणघडणीतूनच निर्माण झाला आहे, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

रुग्णालयापुरता विमा :
आधुनिक अमेरिकी आरोग्यविम्याचा आरंभ १९२९ मध्ये डॅलस येथील बेलर रुग्णालयाच्या योजनेपासून मानला जातो. जस्टिन फोर्ड किंबॉल यांच्या या योजनेत शाळाशिक्षकांनी दरमहा ५० सेंट भरावयाचे व त्याबदली २१ दिवसांपर्यंत रुग्णालयसेवा घ्यावयाची, अशी व्यवस्था होती. यातून पुढे ‘ब्लू क्रॉस’ योजना उदयास आल्या. त्यांत रुग्णालयाचा खर्च समाविष्ट होता, डॉक्टरांचे शुल्क नव्हे. त्यासाठी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात डॉक्टरांची स्वतंत्र योजना निघाली. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीतील, पण तेथील भूलतज्ज्ञ यादीबाहेरचा, अशा स्थितीत येणाऱ्या अनपेक्षित बिलांना बऱ्याच अंशी आळा घालणारा संघीय कायदा २०२० मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

दंतोपचारांचे वेगळेपण :
१८४० मध्ये बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले. शिक्षणातील ही फारकत पुढे विम्यातही उतरली. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने कामगारांच्या मुलांसाठी दंतोपचारांची योजना मिळविली आणि स्वतंत्र दंतविम्यास चालना मिळाली. १९६५ च्या ‘मेडिकेअर’ कायद्याने वृद्धांना आरोग्यविमा दिला. मात्र नेहमीचे दंतोपचार त्यातून वगळले. मूळ मेडिकेअरमध्ये हे बंधन मोजके अपवाद सोडता आजही कायम आहे.

मर्यादा कोणाच्या खर्चावर?
२०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार २०१४ पासून बहुतेक आरोग्यविमा योजनांत रुग्णाच्या वार्षिक खर्चावर कमाल मर्यादा आली. दंतविम्यात नेमके उलट आहे. तेथे मर्यादा विमा कंपनीच्या खर्चावर असते. अनेक योजनांत ती वर्षाला १००० ते २००० डॉलर असते. तपासणीचा पूर्ण खर्च, दात भरण्याचा ८० टक्के आणि दातावर कॅप बसविण्याचा ५० टक्के खर्च कंपनीने द्यावयाचा, ही प्रचलित पद्धत होय. म्हणजेच उपचार जितका महाग, तितका विम्याचा आधार तोकडा.

खर्चसहभागाचा परिणाम :
खर्चाचा काही भार रुग्णावर टाकल्यास अनावश्यक उपचार टळतात, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केलेल्या प्रयोगात उपचारांचे प्रमाण खरोखरच घटले. परंतु अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही घटले. मोफत उपचार मिळालेल्यांत रक्तदाब, दृष्टी व दंतआरोग्य यांत सुधारणा आढळली आणि तिचा लाभ मुख्यतः गरीब व आजारी व्यक्तींना झाला.

निष्कर्ष :
सारांश, विमेदाराच्या हाती पडणारे बिल हा केवळ त्याच्या निष्काळजीपणाचा परिणाम नव्हे. रुग्णालय, डॉक्टर आणि दात यांची वेगवेगळ्या काळी झालेली विभागणी त्यामागे आहे. म्हणून कोणत्याही विमायोजनेचे मूल्यमापन करताना किती लोकांचा विमा उतरविला गेला एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्यांच्या पदराला किती खार लागला, हेही तपासणे अगत्याचे ठरते.