धागा आणि सांधा : उल्हास खोऱ्याच्या औद्योगिक पार्श्वभूमीवर कार्बन सायकलीच्या सुट्या भागांची निवड

सायकलीचा इतिहास सामान्यतः शोधकांच्या अथवा कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. ही पद्धती सोयीची असली तरी तिच्यामुळे या यंत्राचे एक मूलभूत लक्षण दृष्टीआड होते. सायकल हे संयोगाने सिद्ध होणारे यंत्र आहे. चौकट एका कारखान्याची, चाके दुसऱ्याची, साखळी तिसऱ्याची व आसन चौथ्याचे, असे भिन्न कुळांतील भाग एकत्र येऊन ती चालू लागते. तिचा खरा इतिहास हा म्हणूनच भागांइतकाच सांध्यांचा इतिहास होय. कोणता भाग कोणत्या भागात बसतो, कोणाच्या मापाने बसतो आणि बसला की नाही हे कोण ठरवितो, या तीन प्रश्नांभोवती तो फिरतो. डोंगरवाटेवर चालवावयाची कार्बन सायकल प्रथमच स्वतः जुळवू पाहणाऱ्यासमोर हेच तीन प्रश्न आज उभे राहतात. त्यांची उत्तरे शोधण्यास उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा विशेष उद्बोधक आहे. सायकलनिर्मितीचे केंद्र म्हणून त्याची ख्याती नाही. परंतु धागा, धातुकाम आणि जुळणी या तिन्ही विद्या तेथे एका पिढीच्या अवधीत शेजारी शेजारी रुजल्या.

१

कल्याणहून खोपोलीच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि उल्हास नदीचे हे खोरे मुंबईच्या कक्षेत आले. अंबरनाथ येथे १९२० च्या दशकात विमकोचा आगकाड्यांचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० च्या दशकात, तेथेच शस्त्रसामग्रीचा कारखाना व यंत्रहत्यारांचे नमुने घडविणारा कारखाना असे दोन सरकारी कारखाने आले. २०२१ च्या पुनर्रचनेत ते दोन वेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर अंबरनाथ व बदलापूर येथील वसाहतींनी लहान कारखानदारीस जागा दिली. बदलापूरजवळील बारवी धरणाने पाणी पुरविले.

उल्हासनगरचा उदय निराळ्या कारणाने झाला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणीत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. भांडवल, जमीन व जुनी पेढी गमावलेल्या या समाजाने लहान खोल्यांत सुट्या वस्तू आणून जुळविण्याचा व विकण्याचा व्यवसाय वाढविला. येथील मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावणारा विनोद सर्वश्रुत आहे. त्यात उपहास आहे, तशी जुळणीच्या कौशल्याची कबुलीही आहे.

याच परिसरात, शहाड येथे, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर प्रथम दाहक सोड्याची व नंतर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करावयाची, तयार झालेला दाट द्राव सूक्ष्म छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडावयाचा आणि त्याचा अखंड धागा ओढून घ्यावयाचा, अशी ही प्रक्रिया होय. शहाडचा धागा वस्त्रांकडे गेला आणि पुढे टायरच्या आत घालावयाच्या दोरीकडेही गेला. धाग्याने भार पेलावयाचा आणि त्याभोवतीच्या द्रव्याने त्याला जागी धरावयाचे, हे टायरमधील तत्त्व पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

२

भारतीय सायकल उद्योगाची घडण सुट्या भागांपासूनच झाली. आज पाकिस्तानात असलेल्या कमालिया गावचे मुंजाल बंधू १९४४ मध्ये अमृतसरला आले व सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार करू लागले. पुढे लुधियानात स्थिर झाल्यावर १९५६ मध्ये त्यांनी ‘हीरो’ नावाने पूर्ण सायकल बनविण्यास आरंभ केला. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० च्या कायद्याने आसनसोलच्या सेन-रॅले कंपनीबरोबर त्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यातून नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी संस्था निर्माण झाली. मुंबईचा मोठा कारखाना अडचणीत आला असता लुधियानाचे लहान कारखाने टिकून राहिले. याची कारणे अनेक असली, तरी प्रत्येकाने एकच भाग बनवावा आणि तो सर्वांच्या सायकलीत बसावा, ही तेथील व्यवस्था त्यांपैकी एक होय.

सर्वांना चालणारे माप आपोआप निर्माण होत नाही. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने पेडलांच्या आसाच्या नळीस दीर्घकाळ इंचास २६ आटे ठेवले, तर इतर इंग्रज कारखान्यांत २४ आटे रूढ होते. दोन आट्यांच्या या फरकामुळे रॅलेच्या मालकास रॅलेचाच भाग घ्यावा लागे. माप हे तंत्राचे असते तसे सत्तेचेही असते, याचे हे जुने उदाहरण होय.

तथापि काळ्या रंगाच्या, जड, पोलादी सायकलीच्या युगात मापातील चूक सुधारण्यास वाव होता. पोलाद तुटण्यापूर्वी वाकते. चिमटा वाकला तर तो डोळ्यांस दिसतो; रस्त्याकडेचा कारागीर तो तापवून वा ठोकून सरळ करतो. नट किती आवळावा हे त्याच्या मनगटाला कळते. नकली भागही अशा यंत्रात काही काळ खपून जातो, कारण त्याचा दोष सावकाश व उघडपणे प्रकट होतो. त्या काळची सायकल सर्वत्र दुरुस्त होऊ शके, याचे श्रेय मापांच्या समानतेइतकेच पोलादाच्या या प्रामाणिकपणासही दिले पाहिजे.

३

डोंगरी सायकलीचा जन्मही जुळणीतूनच झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण १९३० व १९४० च्या दशकांतील जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन टेकड्यांवरून उतरत. त्यांवर ते मोटरसायकलीच्या ब्रेकांच्या मुठी व सहलीच्या सायकलींची गिअरयंत्रणा बसवीत. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी स्वतंत्र चौकट घडविली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइझ्ड कंपनीच्या ‘स्टंपजंपर’ने ती बाजारात मोठ्या प्रमाणावर आणली.

कार्बन धाग्याचा इतिहास याहून जुना आहे. एडिसन यांनी १८७९ मध्ये कापसाचा धागा जाळून दिव्यातील तंतू बनविला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीने रेयॉनचा धागा प्राणवायूविरहित भट्टीत तापवून कार्बनचे कापड तयार केले. शहाडला ज्या जातीचा धागा निघत होता, तीच जात अमेरिकेत त्याच सुमारास अग्निबाणांच्या कामी कार्बनरूप घेत होती. परंतु रेयॉन तापविला असता त्याच्या वजनाचा बराच मोठा भाग उडून जातो. ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल या धाग्यापासून अधिक उतारा मिळविला; इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे १९६० च्या दशकात त्यास बळकटी आणण्यात आली; आणि १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. १९८६ मध्ये अमेरिकेतील केस्ट्रेल कंपनीने साच्यातून काढलेली संपूर्ण कार्बनची चौकट विक्रीस आणली.

या द्रव्याचे सामर्थ्य अंकांनी स्पष्ट होते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम व ताठरता सुमारे २०० गिगापास्कल असते. तोरेच्या प्रमाणभूत धाग्याची घनता १.७६ ग्रॅम आणि ताठरता २३० गिगापास्कल आहे. मात्र हे अंक केवळ धाग्याचे व धाग्याच्या दिशेचे आहेत. चौकटीत राळही असते, आणि आडव्या दिशेने येणारा भार प्रामुख्याने राळेलाच सोसावा लागतो. यास्तव कार्बनची चौकट अपेक्षित दिशेच्या भारास समर्थ व अनपेक्षित दिशेच्या भारास दुर्बल असते. शिवाय ती वाकून पूर्वसूचना देत नाही. आत थर सुटलेले असता वरचा रंग अभंग राहू शकतो.

४

निवडीचा क्रम या इतिहासातून निष्पन्न होतो. आरंभ उत्तम भागाच्या शोधाने न करता चौकटीवरील सांध्यांच्या यादीने करावा.

पहिला सांधा चाकाचा. बाजारातील नावे येथे दिशाभूल करतात. जुन्या भारतीय सायकलीच्या ‘२८ इंची’ चाकाच्या रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर आधुनिक ‘२९ इंची’ डोंगरी चाकाचा ६२२ मिलिमीटर. म्हणजे २९ हे २८ पेक्षा लहान ठरते. ‘साडेसत्तावीस इंची’ म्हणून विकले जाणारे ५८४ मिलिमीटरचे माप वस्तुतः फ्रान्समधील जुने माप होय. यास्तव इंच न पाहता मिलिमीटर पाहावेत. मागील आसाची रुंदीही पूर्वी १३५, नंतर १४२ आणि २०१४ च्या सुमारापासून बहुशः १४८ मिलिमीटर झाली. चौकटीचे माप १४८ असता जुने चाक स्वस्त मिळाले म्हणून घेणे व्यर्थ आहे.

दुसरा सांधा पुढील चिमट्याचा. चौकट १२० मिलिमीटर हालचालीच्या चिमट्यासाठी आखलेली असेल, तर १५० मिलिमीटरचा चिमटा बसतो खरा. परंतु पुढील भाग उंचावून सुकाणूचा कोन सुमारे दीड अंशाने ढळतो आणि चौकटीच्या मानेवर न योजलेला भार येतो. पोलादात हा प्रयोग क्षम्य होता, कार्बनमध्ये तो नाही.

तिसरा सांधा पेडलांच्या आसाचा. काही चौकटींत आट्यांची नळी असते, तर काहींत छऱ्यांची बैठक केवळ दाबून बसविलेली असते. कोकणपट्टीच्या पावसात पाणी व गाळ या ठिकाणी प्रथम शिरतात. आट्यांची बैठक साध्या हत्याराने निघते, पुसून पुन्हा बसते. पहिली सायकल जुळविणाऱ्याने शक्य तर तीच पत्करावी.

चौथा सांधा मागील गिअरचक्रांचा. चाकाच्या तुंब्यावरील खोबणी निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या असल्यामुळे चक्रांचा संच निश्चित केल्यावरच चाक निवडावे. रॅलेच्या २६ आट्यांची परंपरा येथे नव्या रूपाने जिवंत आहे. ब्रेकांच्या बाबतीत शिमानोची यंत्रणा खनिज तेलावर चालते, तर स्रॅमच्या अनेक यंत्रणा मोटारीच्या ब्रेकद्रवावर. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, म्हणून दमट हवेत तो अधिक वेळा बदलावा लागतो. आणि एकाच्या यंत्रणेत दुसऱ्याचे तेल घालणे म्हणजे तिच्या रबरी भागांचा नाश होय.

यानंतर स्थळाचा विचार येतो. बदलापूरहून कोंडेश्वरकडे वा बारवीकडे जाणाऱ्या, अथवा मलंगगडाच्या पायथ्याच्या वाटा काळ्या अग्निजन्य खडकाच्या आहेत. उडालेला अणकुचीदार दगड चौकटीच्या खालच्या नळीवर आदळतो. तेथे रबरी आच्छादन हवे. चौकट कार्बनची आहे म्हणून रिम व हँडलही कार्बनचेच हवेत असे नाही. ॲल्युमिनियमची रिम दगडावर आपटली तर पिचते, पण पिचल्याचे दाखविते आणि कमी खर्चात बदलता येते. दमट हवेत ॲल्युमिनियम व कार्बन यांचा थेट संबंध आला तर ॲल्युमिनियम गंजते व आसनाची दांडी नळीत कायमची अडकते. म्हणून त्या दोहोंत योग्य लेप घालणे अगत्याचे आहे.

५

सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र सायकलीवर बसविला जात नाही. तो म्हणजे आवळण्याचे बल मोजणारा पाना. आसनाच्या दांडीच्या पट्ट्यावर बहुधा ५ वा ६ न्यूटन-मीटर असा अंक छापलेला असतो. पोलादावर घडलेले मनगट सहज त्याच्या दुप्पट आवळते, आणि त्या क्षणी नळीच्या आत झालेली चीर कोणासही दिसत नाही. पहिल्या जुळणीच्या अंदाजपत्रकात या पान्यास गिअरयंत्रणेच्या आधी स्थान असावे.

हाच न्याय चौकटीच्या खरेदीस लागू होतो. पोलादी भागाची परीक्षा ग्राहक हाताने व नजरेने करू शके. कार्बनच्या आतील थर कोणत्या दिशेने रचले आहेत हे हात सांगत नाही. तेथे चौकटीचा क्रमांक, निर्मात्याची जबाबदारी आणि आयएसओ ४२१० या मानकानुसार झालेल्या चाचणीचा दाखला यांवरच विश्वास ठेवावा लागतो. प्रसिद्ध नावाची प्रतिकृती स्वस्तात घेण्याची सवय कापडात वा घड्याळात फारशी हानी करीत नाही. उतारावरील सायकलीत ती प्राणावर बेतू शकते.

या संक्रमणात काही मिळाले, तसे काही गमावलेही. वजन घटले, वेग व नियंत्रण वाढले; परंतु रस्त्याकडेच्या कारागिराचे अधिकारपद घटले, आणि त्याच्या मनगटातील ज्ञानाची जागा छापील अंकाने घेतली. हे परिवर्तन अटळ दिसले, तरी त्या कारागिराचे निर्वासन अटळ नाही. ज्या खोऱ्यात एका पिढीने धागा ओढला, दुसरीने धातू कातला आणि उद्ध्वस्त होऊन आलेल्या माणसांनी सुट्या वस्तूंतून संसार जुळविला, तेथील कारागिराच्या हाती मोजणारा पाना आणि मापांचा तक्ता आला, तर सांध्यांची ही नवी भाषाही त्याला अवघड जाण्याचे कारण नाही. निवड करणाऱ्या विद्यार्थ्यानेही यादी हाती घेऊन प्रथम त्याच्या दुकानाची पायरी चढावी. कोणता भाग आपल्या गावात उघडता व पुन्हा बसविता येतो, हा प्रश्न भागाच्या वजनाहून आधी विचारावयाचा आहे.